चार पानांचं सँपल

“सँपल बघितल्याशिवाय टाकी उघडायची नाय,” असं म्हणत काका कपाटातलं पुस्तक मधोमध उघडायचे, उभ्याउभ्या दोन पानं वाचायचे आणि मगच माझ्या टेबलावर नोंदीला ठेवायचे. नापास झालेलं पुस्तक मुकाट्यानं जागेवर जायचं. मोहोपाड्याच्या आमच्या छोट्या वाचनालयात इतका चिकित्सक सभासद दुसरा नव्हता. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा.

मूळचे ते कडावचे. भाऊ भातशेती बघायचे, आणि हे रसायनीच्या एका कारखान्यात प्लँट ऑपरेटर होते. जन्मभर तीन पाळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांची यादी केली आणि वरून एकेक खोडायला लागले. निम्मी यादीही झाली नसेल, तेवढ्यात साखरेनं डोळ्यांना गाठलं. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब होतोय, उपचार करू, पण फार तर वर्षभर वाचता येईल.

“वर्ष म्हंजे लय झालं, बाई,” ते मला म्हणाले. “फक्त अक्षर मोठं पायजे.”

अक्षर मोठं करता येतं अशी पुस्तक वाचायची मशीनं मिळतात, हे त्यांना मीच सांगितलं. ती हौस माझी. शेलूला राहणाऱ्या माझ्या भाचीकडे एक होतं, कर्जतच्या एका प्राध्यापकांकडे दुसरं आणि आमच्या एका सभासदाकडे तिसरं. एकेक करून तिन्ही मी मागून आणली. मोबाइलवर वाचा म्हणणाऱ्यांना काका एका वाक्यात वाटेला लावायचे, “त्यो दिवा हाय, पुस्तक नाय.”

मशीन निवडायची म्हणजे ट्रायल आली. सकाळच्या उन्हात, दुपारी व्हरांड्यात आणि संध्याकाळी दिव्याखाली, अशा तिन्ही पाळ्यांत प्रत्येक मशीन चालवायचं. ट्रायलची वही त्यांनी कारखान्यातल्यासारखीच आखली होती: वेळ, उजेड, अक्षराचा आकार, शेरा आणि शेवटी सही. आणि मजकूर मात्र तिन्ही मशीनवर एकच.

“मजकूर बदलला तर तुलना कशाशी करायची, बाई?”

एका जुन्या कादंबरीतली, नदीला पूर येतो तिथली चार पानं त्यांनी निवडली. ती मी वाचनालयाच्या संगणकावर टाइप केली आणि तिन्ही मशीनमध्ये घालून दिली. टाइप करताना मला हसू येत होतं. ते हसू आता आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

पहिल्या मशीनचं अक्षर देखणं, पण त्यांच्या यादीतली पुस्तकं त्याच्या दुकानात मिळेनात. दुसऱ्या मशीनवर कुठलंही पुस्तक चालायचं, पण ते जोडाक्षरं मोडायचं. “ह्याला दाताड नीट बसवून आणा,” म्हणून काकांनी ते परत केलं. तिसऱ्याचा पडदा मोठा, आतून पिवळसर उजेड येणारा. ते चांगलं वाटलं, म्हणून पहिल्या दोघांना पुन्हा एकेक संधी द्यायची ठरली. न्याय म्हणजे न्याय! असे महिने चालले होते. आणि या सगळ्या महिन्यांत यादीतलं एकही पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. ट्रायल पुरी झाल्याशिवाय उत्पादन सुरू करायचं नसतं.

“त्याच चार पानांचं पारायण चाललंय घरात,” काकू एकदा हसत म्हणाल्या. “मलाबी पाठ झालीत.”

मी वही चाळायचे. शेरे दर आठवड्याला सुधारत होते. अक्षर स्वच्छ. अक्षर फार स्वच्छ. त्रास नाही. शेऱ्यांचं हस्ताक्षर मात्र चौकट सोडून वरखाली जात होतं, दोन ओळी एकमेकींवर चढत होत्या. हे मी पाहिलं, वय झालं म्हणून सोडून दिलं. मी वाचनालय चालवते, हो! समोरचं वाचता आलं नाही ते मला.

अखेर तिसरं मशीन पास झालं. त्यांच्या पुण्याच्या मुलीनं तसंच नवंकोरं पाठवलं, यादीतलं पुढचं पुस्तक आत घालून. दुसऱ्याच दिवशी काका काकूंचा हात धरून वाचनालयात आले. चेहरा पडलेला.

“बाई, पीस खराब निघाला. ट्रायलचा चांगला व्हता. ह्याच्यात नुसता धूर दिसतोय.”

मी मशीन हातात घेतलं. अक्षरं नखाएवढी, काळीभोर. लांबून वाचता येत होती. मी म्हणाले, “आपली चार पानं लावून बघू या का?”

फाइल चढवली, उघडायला बोट लावलं आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. मशीन रेंगाळलं. पडद्यावर अजून नुसती पुस्तकांची यादीच होती. थांबा म्हणणार, तोवर त्यांनी सुरुवात केली होती.

“नदीला पाणी चढत होतं आणि पलीकडे गेलेला नावाडी अजून परतला नव्हता...”

खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबत त्यांनी अख्खा परिच्छेद वाचला. बोट त्या यादीवरून ओळीओळीनं सरकत होतं.

“बघा, कसं लख्ख दिसतंय!”

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा कळला. यंत्राच्या आवाजात जरा फरक पडला तरी ओळखणारा माणूस तो. आमची शांतता त्यांनी लगेच ओळखली.

“बाई, पान आलंय ना?”

“नाही, काका. अजून यायचंय.”

बोट जागच्या जागी थांबलं. मग काकूंच्या पिशवीतून त्यांनी वही काढायला लावली.

“लिवा. मशीनमधी दोष नाय.”

मी लिहिलं. सही आपणच करणार म्हणाले. मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि चौकटीवर बोट टेकवून दिलं. तरी सही माझ्या ओळीवरच पडली.