जानराव कंडक्टरचा डबा

जानरावचा स्वभावच संशयी, आणि त्यात त्याचा बिचाऱ्याचा दोष तो काय? उभी नोकरी मेहकर डेपोत कंडक्टर म्हणून गेली. मिसरूड फुटलेला पोरगा अर्ध्या तिकिटात बसवणारे बाप त्यानं पाहिले, चेकिंग आलं की झोपेचं सोंग घेणारे पाहिले, "मागच्यानं काढलं ना तिकीट" म्हणून बेधडक खोटं बोलणारे तर रोजचेच. अशा माणसाला साधूनं जरी नमस्कार केला तरी तो आधी स्वतःचा खिसा चाचपणार. रिटायर होऊन तो डोणगावच्या अलीकडे आपल्या गावी आला. तिकिटाचं मशीन डेपोत जमा केलं, नजर मात्र सोबत घेऊन आला.

आणि आता गिऱ्हाईक कोण? तर सरकार!

सकाळी कुलदीपच्या टपरीवर पेपर आला की जानराव पहिल्यांदा कर्जाची बातमी शोधायचा. राज्यावर इतकं कर्ज, देशावर तितकं. मग चष्मा कपाळावर सारून तो सगळ्यांना विचारायचा, बाईमाणसाला अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, चांगलं केलं, पण उरलेलं अर्धं तिकीट कोण काढून राह्यलं? बहिणीच्या खात्यात पैसे आले, पण भावानं आणले कुठून? बिस्किटाच्या पुड्यातून, साबणाच्या वडीतून आपल्याच खिशातले काढले आणि आपल्यालाच ओवाळणी घातली, असा त्याचा हिशेब. त्याच्यापुढे बोलायची हिंमत एकाच माणसाची, मार्तंड सरांची. सर हायस्कूलातून निवृत्त झालेले, शांत, थोडे पुस्तकी. ते समजावायचे की जानराव, सरकार म्हणजे घर नव्हे. घराचा कर्ता म्हातारा होतो, सरकार होत नाही, शिवाय घराला नोटा छापता येत नाहीत.

"छापता येतात म्हणूनच तर भेव वाटते न सर," जानराव म्हणायचा, आणि टपरी हसायची.

मग ठरलेला शेवट. माझ्या घराचं पाहा. कमाई तेवढा खर्च. दारात कधी सावकार नाही, बँक नाही. दोन लेकरं शिकवली, पोरगा संघर्ष डिप्लोमा झाला, वर खोली चढवली, पण शिलकीच्या पैशांचा डबा कधी रिकामा पडू दिला नाही. जे एका कंडक्टरला जमलं ते सरकारला काऊन जमू नये? हा प्रश्न आला की टपरी सरांकडे पाहायची. सर कप ठेवून पेपरची घडी घालायचे.

हा डबा म्हणजे जानरावचा धर्मकाटा, खरंखोटं तोलायचा. पगार झाला की तो अख्खा बायकोच्या, भिमाबाईच्या हातावर ठेवायचा, हे त्याचं मोठेपण. पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी, जेवणं झाली की डबा त्याच्यापुढे आला पाहिजे, हा नियम. डेपोत कॅश भरायच्या वेळी बोटं चालतात तशी त्याची बोटं नोटांवरून चालायची. ठरलेली शिल्लक भरली की तो फक्त "जुळलं" म्हणायचा आणि गाढ झोपायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा शिल्लक कमी निघाली होती. तेव्हा या पठ्ठ्यानं बायकोला विचारून विचारून भंडावलं, वर किराणा दुकानात जाऊन तेलाचा भाव पडताळून आला. साऱ्या गल्लीत बोभाटा झाला. त्यानंतर डबा कधी कमी भरला नाही. जानरावला वाटलं, बायको सुधारली.

यंदा जानेवारीत गावात नवं खूळ निघालं. सरपंच मयुरीताईनं ठरवलं की ग्रामपंचायतीनं जिल्हा परिषदेच्या निधीतून कर्ज घ्यायचं, वरच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन न्यायची आणि पाणीपट्टी वाढवून ते फेडायचं. वरची वस्ती म्हणजे जानरावचीच. तिथल्या बाया बारा महिने खालच्या हापशावरून पाणी चढवतात. भिमाबाईचे गुडघे त्यातच गेले, चढावर दोनदा बसल्याशिवाय तिच्यानं घर गाठवत नव्हतं. पण जानरावला ना चढ दिसला ना गुडघे. त्याला दिसलं कर्ज, आणि कर्जामागे दिसला ठेकेदार.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायांची वेगळी ग्रामसभा असते. तिथं झाडून साऱ्या बायांनी कर्जाच्या बाजूनं हात वर केले. जानरावच्या डोक्यात चक्र फिरलं. साऱ्या बाया एका मतावर? हे काही फुकटात झालेलं नाही. घरी येऊन त्यानं भिमाबाईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की हाव, हात मीबी वर केला. ती पाण्याला गेली तसं त्यानं कपाट उघडून साड्या पाहिल्या. नवी एकही नव्हती. म्हणजे रोख दिले असतील, असं त्याच्या मनानं घेतलं. संशयाला कधी पुरावा लागतो का हो? पुरावा न मिळणं हाच त्याचा पुरावा.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. जानराव उठला. आवाज गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवायची सवय, माइक कशाला लागतो? त्यानं पुन्हा आपलं घर काढलं, डबा काढला. गाव म्हणजे मोठं घर, आणि जे घर कर्जावर चालते ते बुडते, हे त्यानं असं काही सांगितलं की पुरुषांच्या माना डोलायला लागल्या. मयुरीताईचा चेहरा उतरला. शेवटी तो बायांकडे वळून म्हणाला, काल ज्यायनं हात वर केले त्यायनं सांगावं, काय मिळालं?

तिथंच चुकला. भिमाबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. सभेत ती कधी बोललेली नव्हती.

"मले काही नाही मिळालं. पण तुमी सभेत आपलं घर काढलं म्हणून बोलते. ते घर कर्जावरच चाललं, संघर्षचे बाबा. संघर्षच्या डिप्लोम्याची फी बचत गटातून उचलली. वरची खोलीबी गटाचीच. तुमी गाडी घेऊन मुक्कामी राहत होते तवा मी सत्यभामाबाईच्या वावरात निंदणीले जात होती आन् हप्ता भरत होती."

"आन् डबा?" जानरावच्या तोंडून निघून गेलं.

"डब्यातले पैसे महिन्याच्या शेवटच्या दिवशी गटातून आणून ठेवत होती. तुमी मोजले की सकाळी वापस."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, जानरावला ओरडता तरी आलं असतं. ठरावाला हात वर झाले, पुरुषांचेही झाले. जानरावचा हात मांडीवरच राहिला. ठराव झाला. घरी येताना ती चढावर दोनदा बसली, आणि तो पहिल्यांदाच तिच्याजवळ थांबला.

मग ते पाच दिवस! टपरीवर तो गेला नाही. घरातली प्रत्येक वस्तू त्याला परकी वाटू लागली. ही खोली कोणाची, हा पंखा कोणाचा? पुण्याहून संघर्षचा फोन आला तर यालाही ठाऊक होतं का, या संशयानं जीव कुरतडला. साऱ्या दुनियेचं तिकीट तपासलं लेका तू, आणि आपल्याच घरात फुकट बसून आला! त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तिचा रागही येत होता, आणि त्या रागाची पुन्हा लाज.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. जेवणं झाली. भिमाबाईनं नेहमीसारखा डबा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि ती भांडी घासायला बसली. त्यानं झाकण काढलं. डबा रिकामा होता.

"मले काऊन नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

तिनं मागे न पाहता सांगितलं, "सांगितलं असतं तर तुमी मोजत बसले असते, आन् पोरगा घरी बसला असता."

जानरावनं रिकाम्या डब्यात एकदा बोटं फिरवली. मग त्यानं झाकण लावलं.

"जुळलं," तो म्हणाला, आणि पाण्याची कळशी उचलून हापशाकडे उतरला.