म्हशीसमोरचा कूलर

अकोल्याकडच्या उन्हाळ्यात माणसाची पत कूलरपासूनच्या अंतरावर ठरते. जावयाची खुर्ची थेट वाळ्याच्या ताट्यांसमोर, व्याही जरा तिरपे, आणि घरच्या सुना वारा ज्या दारातून बाहेर पडतो त्या दारात, भाजी निवडत. त्यामुळे माझ्या यजमानांनी आपल्या आईच्या म्हशीसाठी गोठ्यात कूलर बसवला, तेव्हा गावात कोणीही हसले नाही. उलट म्हशीकडे पाहण्याच्या नजरेत थोडा आदर आला.

सासूबाई बार्शीटाकळीजवळच्या गावात एकट्या राहतात, आम्ही अमरावतीला. त्यांनी आमच्याकडे यावे हा विषय घरात जुना आहे आणि त्यावरचे त्यांचे उत्तरही तितकेच जुने. "म्हैस दूध देऊन राह्यली तोवर मी कुठी येत नाई." म्हणजे म्हैस हे जनावर नव्हते, तो एक मुद्दा होता. यजमान मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणारे आहेत. "ठीक आहे माय. आटली का विकू, अन् तू आमच्याकडे." सासूबाई "हाव" म्हणाल्या. करार ताकाच्या पेल्यावर झाला. म्हशीला कोणी विचारले नाही.

म्हैस वऱ्हाडी जातीची, तलवारीसारखी शिंगे खांद्यापर्यंत मागे गेलेली, रंग ओल्या काळ्या मातीचा. तिची वगार थंडीतच गेली होती. लुचायला पिल्लू नसताना म्हशी सहसा पान्हा चोरतात, पण ही सासूबाईंच्या आवाजावर दूध सोडू लागली. त्या चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, धार काढायला बसत आणि खालच्या पट्टीत, ओठ फारसे न हलवता, तिला गावातल्या चुगल्या सांगत. कोणाच्या वरणात पाणी जास्त, कोणाची सून तोंडाळ. म्हशीचे डोळे अर्धे मिटत. रिकाम्या बादलीच्या तळावर पहिली धार टणकन वाजे, मग बादली भरू लागली की तिचा स्वर जाड, फेसाळ, जवळजवळ मखमली होई. ओल्या शेणाचा, भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा आणि भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा वास त्या सपरीत एकत्र नांदे.

या वर्षी यजमानांनी घरामागे नवा गोठा बांधला आणि म्हैस सपरीतून तिकडे नेली. सिमेंटची जमीन, वर टिनाचे पत्रे. ऊन चढले तशी पत्रे तडतडू लागले. सासूबाईंनी फोनवर म्हशीला उन्हाचा त्रास होतो एवढेच सांगितले. यजमान दुसऱ्या दिवशी टेम्पोत कूलर घालून हजर. मोठा, लोखंडी, लग्नाच्या मांडवात ठेवतात तसला. तो सुरू झाला की गोठ्यात विमान उतरत असल्यासारखे वाटे.

मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी लागल्यामुळे मी तेव्हा गावीच होते. पहिल्याच संध्याकाळी बादली अर्धी राहिली. सासूबाईंनी विचार केला आणि कूलरचा वेग वाढवला.

दूध आणखी कमी झाले. म्हैस ढेपेला तोंड लावीना, रवंथ करीना. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. ओल्या सिमेंटवर खूर घसरू नयेत म्हणून ती चारी पाय ताठ रोवून उभी राही. सासूबाईंनी ताट्यांत थोडा जास्त वाळा भरला. जावयाला उकडत असेल तर आणखी काय करतात?

दुसरी अडचण आवाजाची होती. कूलरच्या घरघरीत कुजबुज म्हशीच्या कानापर्यंत पोचेना, म्हणून सासूबाई चुगल्या ओरडून सांगू लागल्या. तिसऱ्या चुगलीला शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

"माह्या वरनात पानी जास्त रायते म्हनता?"

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? अर्ध्या गावाले ऐकू गेलं. म्हशीले बोलून राह्यल्या का ग्रामसभेले?"

सासूबाई बादली उचलून आत गेल्या.

गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी ताप पाहिला, सड दाबून पाहिले, पोटावर कान ठेवला. दुखणे काहीच नव्हते.

"ताण आहे आजी."

"म्हशीले टेन्शन?" शेजारच्या काकू कुंपणावरून हसल्या. "तिले काय पोरीचं लगन करायचं आहे?"

डॉक्टर हसले नाहीत. घाबरलेले जनावर पान्हा सोडत नाही, म्हणाले. भीती अंगात उतरली की दूध सडापर्यंत येतच नाही, पोटाचे काम मंदावते, आणि एरवी जे दुखणे ते सहज झटकून टाकेल तेच त्याला आडवे पाडते. ऊन तर आहेच, पण ऊन सोसायलाही जनावर निवांत असावे लागते. "तिच्यासाठी काय बदललं, ते पाहा," असे सांगून ते कूलरसमोर चहा प्यायले, वारा छान येतो म्हणाले आणि गेले.

आम्ही पाहिले. ढेप त्याच दुकानातली होती. पाणी त्याच विहिरीचे. सासूबाई त्याच होत्या. बाकी जे काही बदलले होते ते चांगल्यासाठीच बदलले होते, त्यामुळे ते मोजण्यात आले नाही.

त्या संध्याकाळी यजमानांचा फोन आला. त्यांनी दुधाचे विचारले आणि सासूबाईंनी खोटे बोलायचे टाळले, इतकेच.

"आटलीच म्हन न माय. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. तू तुही बॅग भरून ठेव."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या. मग गोठ्यात येऊन म्हणाल्या, "नजर लागली. त्या वरनवालीची."

हे वाक्य कूलरच्या घरघरीत बोलले गेले, म्हणजे मोठ्याने. थोड्याच वेळात शेजारच्या काकू मूठभर लाल मिरच्या घेऊन दारात उभ्या.

"माह्याच नजरेनं झालं म्हनता नं? मंग मिरच्याबी माह्याच घरच्या घ्या. नंतर म्हनसान, मिरच्या खोट्या होत्या."

दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर नजर खरी, असे आमच्याकडे मानतात. सासूबाईंनी मीठ-मिरच्या म्हशीवरून उतरवल्या, निखाऱ्यांच्या घमेल्यात टाकल्या आणि वाऱ्याने निखारे उडू नयेत म्हणून ते घमेले गोठ्याबाहेर, कूलरच्या पाठीमागे ठेवले. कूलर मागून हवा ओढतो आणि पुढे फेकतो. हे आम्हा तिघींनाही ठाऊक होते.

मिरच्यांचा तो सगळा धूर वाळ्याच्या गारव्यातून गाळला जाऊन, सुगंधी आणि थंड होऊन, म्हशीच्या तोंडावर आला. ठसका लागला. तो तिघींना लागला आणि चौथीला सर्वांत जास्त. म्हशीने शिंगाच्या एका हिसड्याने कूलरची जाळी वाकवली, दावे तोडले आणि आम्हाला वळसा घालून घराच्या पुढच्या बाजूला धावली.

डोळे पुसत आम्ही पोचलो तेव्हा ती चुलीच्या भिंतीला अंग टेकवून आपल्या जुन्या सपरीत उभी होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. हळूहळू त्यांची लय उतरली. शेजारच्या काकूंनी, कोणी न सांगता, मागे जाऊन कूलरचे बटण बंद केले. तेव्हा कळले, की कितीतरी दिवसांत आम्ही कडुनिंबावरच्या होल्यांचे घुमणे ऐकले नव्हते.

सासूबाई बादली घेऊन खाली बसल्या. कपाळ तिच्या कुशीला टेकवले आणि अगदी हळू, जुन्या पट्टीत, काहीतरी सांगू लागल्या. म्हैस कान वळवून ऐकत होती. मग बादलीचा तळ वाजला.

"माह्याबद्दलच असंन," शेजारच्या काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "सांगू दे."

रविवारपर्यंत बादली पूर्वीइतकी भरली नाही, पण पाऊण होऊ लागली. म्हशीच्या पाठीवर ओली पोती होती, समोर कुटाराचा चारा होता, आणि ती डोळे मिटून रवंथ करीत होती. ऊन तेच होते, किंबहुना वाढलेच होते. फक्त आता ती ते सोसत होती.

यजमान गिऱ्हाइकाला घेऊन आले. पाहुणा म्हणून त्याला बैठकीत, गोठ्यातून आणलेल्या कूलरसमोर बसवले. वाकलेल्या जाळीकडे पाहत त्याने चहा घेतला, मग सपरीत येऊन धार पाहिली.

"भाऊ, अशी म्हैस कायले विकता?"

यजमानांनी आईकडे पाहिले. आईने बादलीकडे.

"मले तुही काळजी समजते रे," त्या धार न थांबवता म्हणाल्या. "यीन मी अमरावतीले. पन अजून दूध हाये."

यजमानांनी पुढे होऊन म्हशीच्या पाठीवरचे घसरलेले पोते नीट केले.

कूलर त्याच दिवशी टेम्पोतून अमरावतीला आला. सासूबाईंसाठी रिकाम्या ठेवलेल्या खोलीच्या खिडकीत तो बसवला आहे. पाहुणे आले की लावतो. वारा चांगला येतो. बोलायचे असेल, तर मात्र बंद करावा लागतो.