बंदरातल्या किल्ल्यात दोन मिनिटं शांतता

क्रीट या ग्रीक बेटावर, हेराक्लिओनच्या बंदराच्या तोंडाशी एक जुना किल्ला आहे. सकाळी दहाला आमची तुकडी तिथे दाखल झाली. तुकडी म्हणजे कोल्हापूरकडचे पर्यटक, पुरुषांच्या डोक्याला भगवे फेटे. फेटे बापूसाहेबांनी बॅगेतून आणले होते. बापूसाहेब आमच्या गावच्या स्मारक समितीचे अध्यक्ष. फौजेत जाऊन परत न आलेल्या गावकऱ्यांसाठी ही समिती स्तंभ उभारते आहे. समिती म्हणजे बापूसाहेब आणि त्यांचे दोन मेहुणे. मी निवृत्त सुभेदार, म्हणून मला सर्वांत पुढे उभं केलं होतं. बागेत जुनी तोफ ठेवतात तसं.

किल्ला चांगला. भिंती जाड, दारावर व्हेनिसचा पंखवाला सिंह. आत समुद्राची ओल इतकी, की इथे पहारा केलेल्यांचे गुडघे टिकले नसणार. सिंहाला त्याचं काही नसावं.

एका दालनात बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या वस्तू मांडल्या होत्या. गाईड इंग्रजीत सांगत होती. तुर्कांनी शहराला वेढा घातला तेव्हा मदतीला आलेलं एक फ्रेंच जहाज जवळच बुडालं. शत्रूचा गोळा लागला नव्हता. जहाजाच्याच दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला.

बापूसाहेबांनी सुनेकडून ते मराठीत समजून घेतलं, तिला मोबाईल धरायला लावला आणि आवाज चढवला, "या वीरांसाठी दोन मिनिटं शांतता! सुभेदार, सॅल्यूट!"

माझा हात वर गेला नाही. मला नाईक आनंदा पोवार आठवत होता.

आनंदा माझ्याच गावचा. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेतले इंजिनिअर. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पंजाबच्या सरहद्दीवर फौज लागली आणि आम्ही शेतांत सुरुंग पेरले. लढाई झालीच नाही. मग तेच सुरुंग काढायचा हुकूम आला. काम रोजचं. उजाडलं की साफ झालेल्या वाटेला, म्हणजे लेनला, पांढऱ्या फिती बांधायच्या, पोटावर झोपायचं आणि सळईने माती तिरपी टोचत पुढे सरकायचं. मधे पावसाळा होऊन गेला होता. नकाशात दाखवलेल्या जागी सगळे सुरुंग राहिले नव्हते.

एका सकाळी साडेनऊला स्फोट झाला. वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"वन कॅज्युअल्टी. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"लेन क्लिअर झाल्याशिवाय कुणी आत जाणार नाही. ओव्हर."

"रॉजर."

हुकूम बरोबर होता. टोचत टोचत आम्ही पोचलो तेव्हा आनंदा गेला होता. फौजेने त्याला तिरंग्यात गुंडाळून, सलामी देऊन घरी आणलं.

समितीने मात्र स्तंभावरच्या नावांतून त्याला गाळलं. कारण काय, तर तो शत्रूच्या हातून मेला नाही, आपल्याच सुरुंगावर गेला. मेलेल्या माणसाकडे शत्रूचं शिफारसपत्र मागणारे लोक मी आधी पाहिले नव्हते. आनंदाची आई दोनदा बापूसाहेबांच्या दारात गेली. दोन्ही वेळा तिला चहा मिळाला.

"सुभेदार, हात वर करा की," बापूसाहेब कुजबुजले.

"यांना कुणी मारलं, बापूसाहेब? तुर्कांनी?"

"न्हाय. सोताच्याच दारूगोळ्यानं. आत्ता सांगितलं की तिनं."

"मग हे लढाईत गेलेच न्हाईत. सलामी कशाची?"

"अवो, पर लढायलाच आलते की ते!"

"आणि आनंदा काय हुरडा खायला गेलता?"

शांतता आत्ता कुठे सुरू झाली. सून मोबाईल धरूनच होती.

"ते बंद कर आधी," बापूसाहेब तिला म्हणाले.

"ऱ्हाऊ दे चालू," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "बोला की आता. घरात लई बोलतासा."

"इषय समितीपुढं ठेवतो."

"समिती म्हंजे माजं भाऊच न्हवं? त्यास्नी मी सांगते."

बापूसाहेबांनी फेटा काढून काखेत धरला. उकडत होतं, असं ते म्हणाले.

नाव कोरलं जाईल की नाही, मला माहीत नाही. ज्या शेतात आनंदा गेला, त्याचा म्हातारा शीख मालक पेरणीआधी आमच्या तंबूकडे आला होता. गेलेल्या पोराचं नाव काय, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं. 'आनंदा' लगेच जमलं, 'पोवार' त्याच्या जिभेवर बसेना. नीट जमेपर्यंत तो म्हणत राहिला. मग गहू पेरायला गेला.