मायनस पाच

मुलीचं लग्न ठरवताना तिचा चष्मा तुम्ही कुठे लपवता? कपाटात, की आईच्या पर्समध्ये?

अमरावतीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका मुलीचं हारांचं दुकान होतं. हात फुलांत, म्हणून घसरलेला चष्मा ती मनगटानं वर ढकलायची. कोणी हसलं की म्हणायची, "आंधळी नाही मी, मायनस पाच हाय."

अकोल्याचं स्थळ आलं. चष्मा दिसता कामा नये, असं तिच्या मामांनी बजावलं. डॉक्टरांनी तिला रात्रीच्या लेन्स दिल्या. झोपताना घालायच्या, सकाळी काढायच्या. झोपेत बुबुळाचा बाक जरासा सपाट होतो, मग दिवसभर चष्म्याविना दिसतं. ऑपरेशन नाही. फक्त झोप पुरी हवी.

काही दिवसांत तिला त्या घसरत्या चष्म्याविना रस्त्यापलीकडचं स्वच्छ दिसू लागलं. "काहो ताई, हा चहावाला याच फडक्यानं कप पुसून राहिला इतके दिवस?" आमचा चहा सुटला.

बघण्याचा कार्यक्रम मामांनी भर लगनसराईत ठेवला. स्वतः फुलांच्या धंद्यातले, तरी हारवाल्यांना तेव्हा झोप नसते हे विसरले. आदली रात्र तिची हार गुंफण्यात गेली, लेन्स डबीतच राहिल्या. गाडीत जागा होती म्हणून मीही अकोल्याला गेले.

"आजीच्या पाया पड," मुलाची आई म्हणाली. ही कोपऱ्यात रचलेल्या गाद्यांपुढे वाकली.

मामा खोकले. ती सरळ उभी राहिली. "मायनस पाच हाय. रात्री लेन्स घातली की दिवसा दिसते. काल झोपच नाही झाली."

"चालते आम्हाले," मुलाची आई म्हणाली. "पण चष्मा नको. रोज लेन्सच घाल."

"लगनसराईत कवा झोपू?"

"मग हार सोड."

तिनं पर्समधून शाळेतला कमी नंबरचा चष्मा काढला. एका रात्रीची लेन्स चुकली तर नंबर पूर्ण परत येत नाही, म्हणून डॉक्टरांनीच तो ठेवायला सांगितला होता. तो लावून मुलाकडे शांतपणे पाहिलं. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता.

"मामा, चाला," ती म्हणाली.

मामांनी गाडी काढली. ती गाडीत गाढ झोपली.

आता तिचं हारांचं दुकान परतवाड्याला आहे. आमच्या रांगेत तिच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात.

तुमच्या घरी असा कार्यक्रम असेल, तर आधी मुलीला विचारा, मुलगा नीट दिसतोय का. आणि दिसल्यावर ती उठली, तर गाडी काढा.