दोघांत एक जीप

जळगावात सोनं मिळतं, डाळ मिळते, प्लास्टिकच्या चटया मिळतात. पण गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती जुळवायचा संच मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, मुलगा केवढा आहे? माझे केस पांढरे व्हायला लागले तरी हा प्रश्न काही चुकला नाही. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की हे खेळणं नव्हे, यात शेकड्यांनी तुकडे असतात, ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी उभी करायची असते. दुकानदार सगळं ऐकून घ्यायचा आणि रिमोटवर पळणारी गाडी काढून समोर ठेवायचा. पुढे मी सांगणं सोडलं. मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणायचं आणि पायऱ्या उतरायच्या.

माझं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालतं. म्हणजे डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून कवळ्या बनवायची माझी छोटी लॅब आहे. त्यामुळे बारीक ड्रिल, कानशी, चिमटे, प्लॅस्टर ही हत्यारं हाताशी होतीच. बाकीचं सामान मी गावातूनच उभं केलं. पातळ प्लास्टिकचा पत्रा कुठे मिळेना, तेव्हा पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून गरम करायचा आणि दोन फरश्यांमध्ये दाबून सपाट करायचा, हे मला सुचलं. आमचं शेत असोद्याला. तिथे केळीच्या ठिबकच्या बारीक नळ्या दर वर्षी फेकल्या जातात. त्या कापल्या की रेडिएटरचे पाइप तयार. रंगाचं मात्र जमायचं नाही. मे महिन्यात मागवलेल्या पार्सलमधल्या बाटल्या फुगून यायच्या, आणि एकदा तर एका गाडीचं छत गच्चीवर वाळत ठेवलं ते तासाभरात पापडासारखं वाकलं. खान्देशच्या उन्हात प्लास्टिक वाळत घालू नये, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

या नादापायीच माझी नानांशी गाठ पडली. नाना धुळ्याचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मॉडेल करणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात सगळे मुंबई, पुणे, बंगळूरकडचे. त्यांच्याकडे रंग फवारायची यंत्रं, एसी खोल्या, काचेची कपाटं. मी पाइप सपाट केल्याचे फोटो टाकले तेव्हा कुणी अंगठा दाखवला, कुणी हसरा चेहरा. एकट्या नानांनी विचारलं की पाइप तव्यावर तापवला की वाळूत.

एक दिवस त्या ग्रुपवर बंगळूरच्या एका विक्रेत्याने जुन्या जीपचा संच दाखवला. शेवटचा नग. मी लगेच हवा म्हणून लिहिलं आणि त्याच वेळी नानांनीही लिहिलं. झालं, मी म्हणालो नाना तुम्ही घ्या, ते म्हणाले भाऊ तुम्ही घ्या. आमचं हे घ्या-घ्या पाऊण तास चाललं. शेवटी विक्रेताच वैतागला आणि म्हणाला, दोघांपैकी कुणीच घेत नसाल तर दुसऱ्याला देतो. मग नानांचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणाले, दोघांत एक घेऊ.

संच आला तसा मी तो घेऊन पारोळ्याला गेलो. पारोळा मध्ये पडतं असं म्हणायचं, खरं तर धुळ्याला जवळ. पण नाना वयाने मोठे, तेव्हा लांबचा प्रवास माझा, हे न बोलताच ठरलं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मिरचीच्या भज्यांची प्लेट बाजूला सारून आम्ही खोका उघडला. खालचा सांगाडा म्हणजे चासी, इंजिन, चाकं माझ्याकडे, कारण बारीक हत्यारं माझी. वरची बॉडी, सीटा, छप्पर नानांकडे, कारण रंगाचा हात त्यांचा. एकेक तुकडा मोजून इकडे-तिकडे होऊ लागला तसं हॉटेलवाला येऊन बघू लागला. नाना हसले.

"घरनी वाटनी करी राह्यनूत का काय आपण?"

संचातली जीप लष्करी होती, हिरवी. नानांना ती तशी नको होती. नोकरीची सगळी वर्षं ते धुळ्याहून शिंदखेड्याच्या शाळेत काळ्यापिवळ्या जीपने गेले होते. त्यातली निम्मी वर्षं तरी मागच्या पायरीवर उभं राहून, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या चित्रांचं भेंडोळं धरून. तीच जीप त्यांना करायची होती. मागे समोरासमोर बाकं, बाजूला ताडपत्रीचे पडदे, वर सामानाचा कॅरियर आणि ती पायरी. ग्रुपवरच्या एका शहाण्याने लिहिलं की एवढ्या दुर्मीळ संचाची असली माती कशाला करता. नानांनी उत्तर दिलं नाही. मीच चिडून दोन ओळी लिहिल्या आणि मग ग्रुपवर जाणंच बंद केलं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं फार चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी पारोळ्याला भेटायचं. हिवाळ्यात मी भरताची वांगी नेत असे, नाना घरचे पापड आणत. ते त्यांची अहिराणी बोलत, मी आमच्याकडचं बोले, आणि दोघांचं कुठे अडत नसे. नानांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सुरतेला. घरात ते एकटेच. एकदा म्हणाले की आता सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे माहीत असतं. मला मनातून बरं वाटलं. त्यांनी कॅरियर तांब्याच्या तारेचा केला होता, ताडपत्री जुन्या रुमालाची. बाकांच्या रेक्झिनला फाटलेली जागा रंगवली होती आणि त्यातून बाहेर आलेला काथ्याही.

चूक झाली ती माझ्याकडच्या चासीवर त्यांच्याकडची बॉडी पहिल्यांदा ठेवून बघितली तेव्हा. डावीकडून ती नखभर वर राहत होती. मी म्हणालो, छान बसतेय. नाना म्हणाले, फारच छान. दोघांनीही आपापला हिस्सा कागदात गुंडाळला आणि चहा सांगितला.

घरी येऊन मी विचार केला की बॉडीखालचा आधार उंच झालाय. पण हे नानांना कोणत्या तोंडाने सांगायचं? एवढ्या वडीलधाऱ्या माणसाचं काम, तेही इतकं सुंदर. त्यापेक्षा आपलीच चासी थोडी घासून घ्यावी, त्यांना कळणारही नाही. मी घासली. तिकडे धुळ्यात नानांनी विचार केला की चासी उंच झालीय, पण पोराने एवढ्या मेहनतीने केलेली, त्याला कशाला दुखवा. आपलीच बॉडी घासावी. त्यांनी घासली. पुढच्या भेटीत बॉडी ठेवली तर जीप डाव्या बाजूला खाली बसली. मडगार्ड टायरांवर टेकले आणि चाकं जागची हलेनात.

दोघांनी आलटून पालटून चाकं ढकलून बघितली. मग मी कबूल केलं, मग नानांनी कबूल केलं, आणि नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. हॉटेलवाल्याने पाणी आणून दिलं. आमच्या भागात माणसं पाहुण्याच्या ताटात मीठ कमी पडलं तरी सांगत नाहीत, पाहुणाही मागत नाही, आणि दोघंही अळणी जेवून उठतात. आम्ही जीप तशीच जेवलो होतो. पण हरकत नव्हती. आधार पुन्हा उंच करायचे, दोघांनी एकत्र बसून, आणि या वेळी तोंडाने बोलायचं, असं ठरलं. नानांनी पुढच्या वेळी मी धुळ्यालाच यावं म्हणून सांगितलं. दोन दिवस राहायचं आणि गाडी चाकांवर उभी करूनच उठायचं.

ते दोन दिवस आलेच नाहीत. नाना बाथरूममध्ये घसरून पडले. मोडलं काही नाही, पण मुलगी सुरतेहून धावत आली आणि तिने आता इथे एकटं ठेवणार नाही असं सांगितलं. तिचंही काही चुकलं नाही. आठवड्याभरात धुळ्याचं घर बंद झालं. नानांनी बॉडी जुन्या रुमालांत गुंडाळून, मिठाईच्या खोक्यात घालून जळगावच्या बसवाल्याकडे दिली आणि मला फोन केला.

"आते तूच बठाड, भाऊ."

बसवायची तर दोघांनी मिळूनच बसवू, मी सुरतेला येतो, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, तुम्ही काही काळजी करू नका नाना, मी बघतो सगळं.

आणि मी खरंच सगळं बघितलं. पाइपाच्या पातळ पट्ट्या कापून आधार उंच केले, एकेक पट्टी घासून, ठेवून, पुन्हा घासून. बॉडी अशी बसली की डोळ्याला फट सापडू नये. मागची पायरी नानांनी अर्धवट ठेवली होती, ती पुरी केली. नंबरप्लेट राहिली होती, ती लिहिली. काचेवर वायपर पुसतो तेवढा भाग स्वच्छ आणि बाकी धूळ, हेही केलं. यात पाच-सहा महिने गेले. मधून मधून नानांचा फोन यायचा. काय भाऊ, बसनी का गाडी, असं विचारायचे. मग सांगायचे की पिवळा रंग त्यांनी कसा मिसळला होता, पायरीला कोणता राखाडी लावणार होते. मी म्हणायचो, आलं लक्षात, तुम्ही आराम करा. मी त्यांचा त्रास वाचवत होतो. वडीलधाऱ्या माणसाला काम सांगू नये, ही आमच्या घरातली पहिली शिकवण, आणि मी ती अगदी मन लावून पाळली. हळूहळू त्यांचे फोन कमी झाले. मला वाटलं, मुलीकडे रमले असतील.

दिवाळीनंतर जीप घेऊन सुरतेला गेलो. रेल्वेत खोका मांडीवर घेऊन बसलो होतो, शेजारचा माणूस दोनदा म्हणाला वर ठेवा, मी ठेवला नाही. नानांना ती बघून काय वाटेल हे मनात शंभर वेळा रंगवून झालं होतं. तारीख मी आधीच कळवली होती. एवढंच म्हणालो होतो की गाडी घेऊन येतोय.

मुलीने दार उघडलं. म्हणाली, सकाळपासून तयारी चाललीय बाबांची. मला वाटलं जेवणाची. आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर नानांचे ब्रश बारीक-जाड असे ओळीने लावलेले. दोन वाट्यांत पाणी. फडकं घडी करून ठेवलेलं. काळ्या, पिवळ्या, राखाडी रंगाच्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवलेली. नानांनी मोठं दिसायचा चष्मा कपाळावर चढवला होता आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. समोर माझ्यासाठी दुसरी खुर्ची होती, तिच्यापुढे वेगळं वर्तमानपत्र.

ते बारीक झाले होते. बस म्हणाले, चहा मग घेऊ, आधी काढ.

मला तिथेच कळलं. पण हातात खोका होता आणि आत तयार जीप होती, आता करणार काय? मी झाकण काढलं आणि ती वर्तमानपत्रावर ठेवली. काळीपिवळी, धुळीने माखलेली, चारही चाकांवर नीट उभी.

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. फार सुंदर झालीय म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि बघायला सुरुवात केली. पायरी बघितली, नंबरप्लेट बघितली. पडद्यांची टोकं बोटाने चाचपली. आडवी करून मडगार्डखाली बघितलं, पालथी करून चासीखाली बघितलं. मला आधी वाटलं चूक शोधताहेत, आणि एखादी सापडावी असं मला फार वाटलं. मग लक्षात आलं की ते चूक शोधत नव्हते. कुठे काही राहिलंय का, ते बघत होते.

काहीच राहिलं नव्हतं.

त्यांनी जीप खाली ठेवली. राखाडी रंगाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं, मग पिवळ्याचं, मग काळ्याचं. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"एखादं चाक तरी माले राहू देनं व्हतं, भाऊ."

मी हो नाना म्हणालो. मुलीने आतून विचारलं की टेबल रिकामं झालं का, पानं मांडायची आहेत. नाना म्हणाले, झालं.