डाव्या बाहीचं कापड

आमच्या गल्लीतल्या शिंप्याची कात्री दिवसातून चार तास चालते आणि जीभ चौदा. कपडे तो झकास शिवतो, यात वाद नाही. पण माप घेताना गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल, मानेबद्दल आणि एकंदर आयुष्याबद्दल जे बोलतो, ते ऐकून माणूस दोन इंच आक्रसतो आणि मग कपडे ढगळ होतात. सगळे त्याला मास्तर म्हणतात. छडी फक्त नाही हातात.

या मास्तरांना एका गोष्टीचा भारी तिरस्कार होता. जनावरं पाळणाऱ्या माणसांचा. "घरातली माणसं धड सांभाळता येत नाहीत, आणि चालले कुत्र्याला फिरवायला," असं ते टेप गळ्यात टाकून म्हणत. आणि हे म्हणत असताना त्यांच्याच कापायच्या टेबलावर, डाव्या टोकाला, एक करड्या रंगाची लठ्ठ मांजर झोपलेली असे.

"मग ही कोण?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "ही पाळलेली नाही. ही राहते."

तेरा वर्षं राहिली. मास्तर तिला मुकादमीण म्हणायचे, कारण स्वतः काडीचं काम न करता दुसऱ्याच्या कामाकडे अर्ध्या डोळ्याने बघत बसणं हा तिचा धंदा. उंदीर तिने जन्मात एक धरला नाही. एकदा एक उंदीर तिच्या शेपटीवरून गेला, तेव्हा तिने शेपूट बाजूला घेतलं. मास्तरांनी नवं कापड अंथरलं की ती डाव्या टोकावर येऊन बसे. तिला उठवायचं नाही म्हणून मास्तरांनी कापायचा क्रमच बदलला: आधी पाठ, मग छाती, मग उजवी बाही. डावी बाही शेवटी, मुकादमीण उठल्यावर. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याला विचारा, असा क्रम नसतो. पण मास्तरांना त्यात काही चमत्कारिक वाटत नसे.

मास्तरांचा दुसरा अभिमान म्हणजे गाठोडं. कपडा शिवून झाला की उरलेलं कापड, अगदी बोटभर चिंधीसुद्धा, ते गाठोडं बांधून गिऱ्हाइकाला परत देत. "कापड तुमचं, हात माझा," म्हणत. तीस वर्षांत गाठोड्याशिवाय एक कपडा दुकानाबाहेर गेला नाही.

समोरच औषधांचं दुकान आहे. दुकानदार मवाळ, गोल, सदा घाबरलेला. खोकल्याची बाटली देतानाही आपलंच काही चुकलंय असा चेहरा. गल्लीत त्याला अर्धा डॉक्टर म्हणतात. गेल्या वर्षी त्याचा कुत्रा मेला. कुत्रा म्हणजे निव्वळ भुंकणारं पोतं होतं, पण अर्ध्या डॉक्टरने दिवसभर दुकान बंद ठेवलं आणि दारावर पुठ्ठा लावला: 'घरातल्या दुःखद प्रसंगामुळे दुकान बंद आहे.'

मास्तरांना आयतं कोलीत मिळालं. पुठ्ठ्यासमोर उभं राहून त्यांनी गल्लीला भाषण दिलं. "मंडळी, आजच्या दिवस खोकला दाबून धरा. अर्ध्या डॉक्टरांचा कुत्रा गेलाय. उद्या यांच्या घरातली पाल आजारी पडली तर चार दिवस शिंकायचंसुद्धा नाही."

गल्ली पोट धरधरून हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. वरच्या खिडकीचा पडदा हलला, तेव्हा कळलं की अर्धा डॉक्टर सगळं ऐकत होता. त्यानंतर वर्षभर दोघांचं बोलणं मान हलवण्यापुरतंच उरलं.

पण मुलीचं लग्न ठरल्यावर बिचाऱ्याला यावंच लागलं. कोट मास्तरांइतका चांगला कुणी शिवत नाही. कापड सासऱ्याने दिलेलं, पंचवीस वर्षं पेटीत जपलेलं. तसलं कापड आता बाजारात शोधूनही मिळायचं नाही.

लग्नाला आठ दिवस असताना तो कोट घालून बघायला आला. मी पॅन्टचं बटण लावून घ्यायला बसलो होतो. मास्तर गप्प होते. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचा वास यायला हवा होता.

अर्ध्या डॉक्टरने हात पुढे केले. उजवी बाही मनगटावर. डावी चार बोटं वर, आणि आतल्या बाजूला दोन जोड.

"मास्तर, माझा हात वाढला का?"

"कापड कमी पडलं."

"आणि गाठोडं?"

"उरलं नाही काही."

ऐकून मी बटणाकडे बघायला लागलो. आतून मास्तरांची बायको आली. ही बाई नवऱ्यापेक्षा कमी बोलते, पण बोलते तेव्हा टाका उसवतो.

"सांगून टाका आता," ती म्हणाली. "तीस वर्षं बोलताय, आजच दातखीळ बसली?"

"अगं, तू आत जा."

"मी आत गेले तर तुम्ही यांना मापच चुकलं म्हणून सांगाल."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, पुन्हा सोडला. समोरच्या माणसाकडे न बघता, जमिनीला सांगावं तसं म्हणाले, "परवा सकाळी कापड अंथरलं. ती येऊन बसली, नेहमीसारखी. मी पाठ कापली, छाती कापली, उजवी बाही कापली. मधूनमधून तिला बोलतोय, सरक गं, बाप येणार आहे का तुझा उठवायला. शेवटी हात लावला." टेप पुन्हा गुंडाळला. "ती केव्हाच गेली होती. मी कापतच होतो."

"मग?"

"मग तिच्या खालचं होतं, त्यातच गुंडाळली. मागच्या नळाजवळ पुरली. तिला गुंडाळायला दुसरं काही घ्यावं, हे सुचलंच नाही. तुमची बाही चिंध्या जोडून केली."

आता अर्धा डॉक्टर वर्षाचं उट्टं काढणार, या विचाराने, लाज वाटते सांगायला, मी जरा सरसावून बसलो. पालीपासून सुरुवात करता आली असती.

तो म्हणाला, "एकेरी गुंडाळलीत की दुहेरी?"

"दुहेरी."

"बरं केलंत. नळाजवळ ओल असते." मग कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाला, "आमच्याला मी औषधाच्या खोक्यात ठेवला. घाईत तेच हाताशी आलं. वर 'थंड जागी ठेवा' असं छापलेलं. अजून आठवतं मला ते."

कुणी हसलं नाही. मास्तरही नाही, आणि असली संधी त्यांनी उभ्या आयुष्यात सोडली नव्हती.

"उजवीही चार बोटं वर घ्या," अर्धा डॉक्टर म्हणाला. "बाटल्या मोजणाऱ्या माणसाला लांब बाह्या कशाला."

"लग्नात लोक नावं ठेवतील."

"तुमचं नाव सांगेन."

मास्तरांनी उजवी बाही उसवली, चार बोटं कापली, पुन्हा दुमडली. कापलेली पट्टी उचलली, तिच्यावरचा करडा केस चिमटीत धरून काढला आणि खिशात टाकला. पट्टीचं चिमुकलं गाठोडं बांधून समोर धरलं. "कापड तुमचं," म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

अर्ध्या डॉक्टरने ते घेतलं. दारात थांबला. "मास्तर, उद्या दुकान बंद ठेवा."

"मांजरासाठी? गल्ली हसेल."

"हसवणारा एकच आहे गल्लीत," तो म्हणाला. "तो उद्या सुट्टीवर असेल."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. माझी पॅन्ट आतच राहिली, बटणासकट.