कोतवाल बुकात नसलेला कौतिक

हातखेड्यात कोतवालाची जागा भरायची आहे, ज्याला पाहिजे त्याने अर्ज करावा, अशी दवंडी गावभर दिली ती कौतिकनेच. आता बोला! ज्या जागेवर माणूस अठरा वर्षं डोळा लावून बसलाय, तिच्यासाठी गावाला हाळी त्यानेच घालायची. पण दुसरं कोण घालणार? डफ त्याच्याच घरात खुंटीला होता.

कौतिकचा बाप, झुलाल आबा, या गावचा कोतवाल. साठी भरली तसे आबा घरी बसले आणि जागा रिकामी पडली ती पडलीच. सरकार काही भरेना. पण सरकारने जागा भरली नाही म्हणून गावातली कामं थोडीच थांबतात? टपाल तालुक्याला न्यायचं, नोटिसा घरोघर वाटायच्या, पंचनाम्याला टेपचं दुसरं टोक धरायचं, मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेतली बाकं हलवायची. तेव्हाचे तलाठी आप्पा म्हणाले, "कौतिक, तूच बघ जरा." ते 'जरा' अठरा वर्षं चाललं. तापीच्या पुरात एक अनोळखी प्रेत काठाला लागलं, तेव्हा पोलीस येईपर्यंत दीड दिवस त्याच्याजवळ कुत्री हाकलत कोण बसलं? कौतिक. त्याचा पंचनामा झाला, त्यात सगळ्यांची नावं आली. कौतिकचं नाही. कारण कौतिक कोण? कोणीच नाही.

तलाठी बदलत गेले, पाच झाले. प्रत्येकाने जाताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जागा निघू दे, तूच आहेस." कौतिक बिचारा त्यावर विश्वास ठेवून होता. बाजूच्या गावातली पोरं नरडाण्याच्या कंपन्यांत लागली, त्यालाही दोनदा बोलावणं आलं. तो गेला नाही. जागा निघाली आणि आपण तिकडे असलो तर?

बायको कामिनी मात्र अशा बोलण्यांना भुलणारी नव्हती. दवंडी देऊन तो घरी आला तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हाई खेपले नही झायं ते तो डफ चुल्हामा घालसू."

"व्हई व्हई," कौतिक म्हणाला. "दुसरं कोन शे आठे?"

जाहिरातीत एक अट होती, ती त्याने स्वतःच्या तोंडाने चार चौकांत वाचली होती: दहा जुलैला वय चाळीसच्या आत पाहिजे. वाचताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. का अडखळावी? त्याची माय भिकुबाई जिवंत होती तोवर दर पोळ्याला बैलांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावर पुरणपोळी ठेवायची आणि म्हणायची, आज तुले एक वरीस झास्ती लागनं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म. येत्या पोळ्याला चाळीस. म्हणजे आज एकोणचाळीस. अर्जात शाळेच्या दाखल्यावरची तारीख उतरवून काढली, सही ठोकली आणि मोकळा झाला. गावात वय सणावर मोजतात, कागद कोण बघतो?

छाननीची यादी तालुक्याहून आली. तीही कौतिकच घेऊन आला, कारण टपाल आणायचं काम त्याचंच. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खळ लावून चिकटवली, हाताने सुरकुत्या काढल्या आणि मग वाचली. सहा जण पात्र होते. खाली एकच नाव. कौतिक झुलाल, अपात्र, वय एकोणचाळीस दिवसांनी जास्त. हरकत असल्यास सात दिवसांत पुराव्यासह.

त्याच्या हाताला खळ तशीच राहिली, वाळून कडक झाली, तरी तो उभाच.

दाखल्यावर एक जून होता. अहो, गावातल्या निम्म्या माणसांचा एक जूनच आहे! गुरुजी शाळेत नाव घालताना विचारायचे, कधीचा रे हा? बाप म्हणायचा, व्हई पाच-सहा वरीसना. गुरुजी एक जून टाकून मोकळे. या एक जूनने आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते नेमकं कौतिकचं, आणि तेही एकोणचाळीस दिवसांनी. वर्षभराने चुकलं असतं तर माणसाने नशिबाला शिव्या घालून सोडून दिलं असतं. एकोणचाळीस दिवस म्हणजे चिडवल्यासारखंच.

पण मग त्याला आठवलं आणि तो एकटाच हसला. पुरावा? पुरावा तर घरचा! जुन्या काळी गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू कोतवालाने तोंडी वर्दी देऊन लिहवून घ्यायचा. त्या वहीला नावच मुळी कोतवाल बुक. आणि त्र्याऐंशी साली हातखेड्याचा कोतवाल कोण होता? त्याचाच बाप. आबा असे, की कोणाच्या झोपडीत पोर रडलं तरी सकाळी तालुक्याच्या वाटेला लागायचे. स्वतःचा पोरगा ते लिहवणार नाहीत? रात्री जेवताना त्याने आबांना काही विचारलंही नाही. नक्कल आणूनच दाखवू म्हणाला, म्हाताऱ्याला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारे पितांबर नाना त्याला ओळखत होते. कौतिकने अर्ज, कोर्ट फीचं तिकीट सगळं नीट लावून दिलं. नानांनी शिडी लावून लाल रुमालात बांधलेलं दप्तर काढलं, धूळ झटकली, शिंकले आणि त्र्याऐंशीचं बुक उघडलं. पुढच्या पानांवर जन्म, मागच्या पानांवर मृत्यू.

"पोळा म्हणजे सप्टेंबर," नाना म्हणाले. बोट खाली खाली सरकत गेलं. नऊ सप्टेंबरला एका पाटलाच्या घरी मुलगी. वर्दी देणार, झुलाल कोतवाल. बारा सप्टेंबरला जुळी. वर्दी देणार, झुलाल कोतवाल. ऑक्टोबर आला, नोव्हेंबर आला. डिसेंबर संपला.

"नाही रे."

"नीट पाहा नाना, असं कसं होईल?"

नानांनी पुन्हा पाहिलं. कौतिकने स्वतः पाहिलं, तीन वेळा. मग नानांनी, बिचारे भले माणूस, पुढचं-मागचं साल चुकलं असेल म्हणून आधीची बुकंही काढली. आणि तिथे सापडलं. एकोणऐंशी सालचा मार्च. झुलाल यांस मुलगी. वर्दी देणार, झुलाल कोतवाल. नानांनी सवयीने मागची पानं उलटली आणि त्यांचा हात थांबला. एप्रिल. झुलाल यांची मुलगी, वय एक महिना, ताप. वर्दी देणार, झुलाल कोतवाल. मग एक्याऐंशी. मुलगा. मागच्या पानावर तोच मुलगा, वय बावीस दिवस.

कौतिकला आजवर एवढंच माहीत होतं की तो नवसाचा. आधी दोन होऊन गेली, हे त्याला मायनेही सांगितलं नव्हतं, बापानेही नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून! नाना हळूच म्हणाले, "पाणी घे." तो न पिताच निघाला.

एस.टी.त त्याचं डोकं नुसतं तापत होतं. मेलेल्या दोघांना लिहिलं, आणि जगला त्याला नाही! साऱ्या गावाचं लिहायला पाय होते, माझ्या वेळी काय मोडले होते? घरात शिरल्या शिरल्या त्याने आवाज चढवला. कामिनी चुलीजवळून उठून आली. आबा खाटेवर बसून आंघोळीनंतरचं अंग वाळवत होते.

"आबा, मना जलम काबर नही लिखा तुम्ही? बठ्ठा गावना लिखात, मनाच काबर नही?"

आबा अंग पुसतच राहिले. कौतिकला वाटलं, ऐकू गेलं नाही. तो पुन्हा ओरडणार तेवढ्यात म्हातारा बोलला.

"तुनापहिले दोन व्हतात. दोन्ही मीच लिखात. मोठा उमंगमा लिखात." आबांनी पंचा गुडघ्यावर ओढला. "पुढला पानवर लिखं, आन मयनामा मांगला पानवर. दोन्ही खेपले मीच सांगाले गऊ. मंग तू झाया. तुनी माय म्हने, जा, वर्दी दी या. मी वेशीलोंग गऊ, आन फिरी उनू. तुले त्या बुकपाईन लपाडी ठेवं मी, भो."

कौतिकच्या तोंडातली सगळी भांडणं जागच्या जागी विरली. ज्या माणसाने नोकरीभर गावाची एक नोंद चुकवली नाही, त्याने घरची एकच चुकवली होती, वेशीवरून परत फिरून, आणि तीही हे पोर मागच्या पानावर जाईल या भीतीने. कामिनीने पदर तोंडाला लावला. डफाचं नाव तिने नंतर कधी काढलं नाही.

सहाव्या दिवशी आबा पहाटेच उठले. ट्रंकेतून कोतवालाचा जुना पितळी बिल्ला काढला, राखेने घासला, सदऱ्यावर लावला. "चाल," म्हणाले. कौतिकने लाख समजावलं की आता उपयोग नाही. ते ऐकेनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या कठडा धरून चढला आणि तहसीलदार बाईंच्या टेबलासमोर ताठ उभा राहिला.

"साहेब, मी झुलाल कोतवाल, हातखेडं. वर्दी देवाले उनू. पोळाना दुसरा दिनले मना घर पोऱ्या झाया. आते लिखी ल्या."

शेजारचा कारकून हसणार होता, बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला. बाई चांगल्या होत्या हो, हे सांगायलाच पाहिजे. आबांना खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, चाळीस वर्षं उशीर झाला. आता नोंद करायची तर वेगळा अर्ज, चौकशी, हुकूम, त्यात महिने जातात. भरतीला ते चालणार नाही. मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही." आणि कौतिककडे वळून, "तुम्ही गावात किती काम केलंय ते मला कळलंय. पण वय गेलं." पुढच्या भरतीत ते आणखी गेलेलं असणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

परतीच्या एस.टी.त बापलेक शेजारी बसले. तेवढ्यात आताच्या तलाठ्यांचा फोन आला. परवा पात्र उमेदवारांची परीक्षा आहे, तशी दवंडी द्यायचीय, तूच बघ जरा. कौतिकने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि मग काही न बोलता बंद केला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. बोलला असता तर भर गाडीत रडला असता. आपलं सगळं संपलं, आणि दोष द्यायला कोणीच उरलं नाही, याचाच त्याला राग येत होता.

आबा खिडकीतून बाहेर पाहत होते. बिल्ला काढून त्यांनी मुठीत धरला होता. कपाशीची शेतं मागे पडत होती. बाईंचं सगळं बोलणं त्यांना उमगलं नसावं; त्यांनी मान न वळवता, घाबरत घाबरत विचारलं, "लिखं का रे त्यास्नी?"

"नही, आबा."

म्हाताऱ्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग चाचपत कौतिकचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"बरं झायं," आबा म्हणाले.

कौतिकने हात सोडवून घेतला नाही. हातखेड्याचा फाटा येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.